प्राण्यांचे संकेत, माणसाची भाषा आणि भाषांचे नाते : होटगी परिसराच्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गाच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत दोन प्रकरणे हमखास असतात. आरंभी 'मानवी भाषा आणि मानवेतर संप्रेषण' हे आणि शेवटाकडे 'भाषाकुले' हे. पहिल्यात मधमाशीचे नृत्य येते, दुसऱ्यात सर विल्यम जोन्स येतात. विद्यार्थी दोन्ही प्रकरणे स्वतंत्रपणे पाठ करतात, आपणही ती स्वतंत्रपणे शिकवतो, आणि प्रश्नपत्रिकेतही त्यांची गाठ कधी पडत नाही. वास्तविक दुसऱ्या प्रकरणातील सर्व विवेचन पहिल्या प्रकरणातील एका लक्षणावर उभे आहे. ते लक्षण नीट समजले नाही तर भाषांच्या नात्यासंबंधी कोणतेही विधान कोणीही करू शकतो, आणि आपल्याकडे तशी ती होतही आली आहेत. प्रस्तुत लेखात ही गाठ दाखवून देण्याचा प्रयत्न आहे. उदाहरणांसाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी आणि तिच्या आसपासचा मुलूख त्यासाठी पुरेसा आहे.

होटगी हे रेल्वेचे जंक्शन. सोलापूरहून आलेल्या मार्गाचा एक फाटा येथून वाडीकडे जातो, दुसरा विजापूर-गदगकडे. गावात आणि पंचक्रोशीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा घराघरांत नांदतात. मुसलमान कुटुंबांत दखनी बोलली जाते. जवळच सोलापूर शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे, आणि मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत लमाणी आहे. सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातील वचने कन्नड आहेत हे सर्वश्रुतच आहे. भाषाभ्यासकाला अशी जागा शोधावी लागते. येथे राहणाऱ्याला ती आयती मिळते, आणि म्हणूनच बहुधा तिच्याकडे आपले लक्ष जात नाही.

मृगाच्या आधी या भागात पावशा ओरडू लागतो. तो 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असे सांगतो, ही आपल्याकडची समजूत. हाच पक्षी हिंदी प्रदेशात 'पी कहाँ' असे विचारतो, बंगालमध्ये 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला, असे म्हणत रडतो, आणि इंग्रजांना तो 'ब्रेन फीवर' असे ओरडताना ऐकू आला. पक्षी एक, आवाज एक; वाक्ये चार, आणि चारही ऐकणाऱ्यांची. शेतकऱ्याला पेरणी हवी होती, विरहिणीला प्रियकर हवा होता आणि उकाड्याने हैराण झालेल्या साहेबाला ताप आठवत होता. पावशाने यांपैकी काहीच म्हटलेले नाही. तो आपल्या हद्दीची आणि विणीच्या हंगामाची खूण देत असतो.

याच पक्ष्याची दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पावशा स्वतः घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडे घालते. पिल्लू सातभाईंच्या कलकलाटात वाढते, त्यांच्याच चोचीतून चारा खाते, आणि मोठे झाल्यावर मात्र पावशासारखेच ओरडते. कोणी शिकवलेले नसते. कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळही पुढे कावकाव करीत नाही. आता होटगीतल्या कन्नड घरातले तान्हे मूल सोलापुरातल्या तेलुगू घरात दत्तक गेले तर ते तेलुगू बोलेल, आणि ती बोलताना त्याच्या उच्चारात जन्मदात्यांच्या कन्नडचा मागमूसही असणार नाही. पावशाची हाक रक्तातून येते; माणसाची भाषा सहवासातून येते. रक्तातून येते ती भाषेची पात्रता, भाषा नव्हे. चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेची जी तेरा लक्षणे मांडली, त्यांपैकी परंपरेने होणारे संक्रमण हे लक्षण ते हेच. सर्वच पक्षी पावशासारखे नसतात, हे येथे नोंदवले पाहिजे. गाणाऱ्या अनेक पक्ष्यांची पिल्ले आपले गाणे प्रौढांकडून ऐकून शिकतात आणि त्यांत प्रांतोप्रांतीचे भेदही पडतात. परंतु त्या गाण्याचे तुकडे सुटे करून त्यांतून नवा अर्थ रचता येतो, असे त्यांच्याबाबत दिसत नाही.

दुसरे उदाहरण बैलाचे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील जनावरांच्या बाजारात विजापूरकडची खिलारी जनावरे येतात. तेथून बैल आणलेल्या होटगीच्या एका शेतकऱ्याने प्रस्तुत लेखकाला मोठ्या गंभीरपणे सांगितले होते, ''ह्याला अजून मराठी कळत न्हाई, कानडीतच बोलावं लागतंय.'' विधान विनोदी वाटले तरी त्यात निरीक्षण आहे. बैलाला ठरावीक आवाज आणि ठरावीक कृती यांची सांगड शिकवता येते. ती सांगड कन्नड शब्दाशी घातलेली असेल तर मराठी शब्द त्याला नवा असतो. महिन्याभरात तो मराठी 'शिकतो'. पण काल नांगरलेल्या रानाविषयी त्याला कोणत्याच भाषेत काही सांगता येत नाही. 'उद्या थांब' आणि 'उद्या थांबू नकोस' यांतला फरक त्याच्यापर्यंत पोचवता येत नाही. त्याच घरातले पाच वर्षांचे पोर बैलाशी कन्नडमध्ये, आजीशी मराठीत आणि शेजारच्या दोस्ताशी दखनीत बोलत असते, आणि बैल काल का बसला याची तक्रारही करीत असते.

पारध्यांचे उदाहरण यापेक्षा सूक्ष्म आहे. फासेपारधी तित्तराची हाक हुबेहूब काढतात आणि खरा तित्तर तिला फसून जवळ येतो. म्हणजे पक्ष्याच्या 'भाषेत' माणूस 'बोलतो' असे कोणी म्हणेल. मात्र पारधी त्या हाकेने एवढेच साधू शकतो, जेवढे तित्तर साधतो. त्या हाकेत 'नाही' घालता येत नाही, 'जर' घालता येत नाही. हाच पारधी घरी जी बोली बोलतो, ती गुजरातीच्या जवळची असून तिच्यात त्याला आपल्या स्थलांतराची, पोलिसांची आणि तित्तराचीही सगळी हकीकत सांगता येते. त्याची हाक आणि त्याची बोली एकाच गळ्यातून निघतात, एवढेच दोहोंत समान आहे.

आता पाठ्यपुस्तकातील प्रसिद्ध उदाहरणांकडे वळू. कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलेले मधमाशीचे नृत्य हे त्यांतले सर्वांत विलक्षण. या संशोधनासाठी त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. उभ्या पोळ्यावर माशी सरळ रेषेत अंग थरथरवत धावते. त्या रेषेचा उभ्या दिशेशी होणारा कोन म्हणजे सूर्याच्या दिशेशी अन्नाच्या दिशेचा होणारा कोन, आणि धावण्याचा अवधी म्हणजे अंतर. येथे यादृच्छिकता फारशी नाही. अंतर वाढले की अवधी वाढतो, कोन बदलला की कोन बदलतो. तो एक प्रकारचा नकाशा आहे. समोर नसलेल्या गोष्टीविषयी सांगण्याची शक्ती, म्हणजे स्थलकालातीतता, माशीजवळ थोडीफार आहे हे मान्य करावे लागते. परंतु तिचा विषय एकच : जागा, ती अन्नाची असो, पाण्याची असो की नव्या पोळ्याची. फ्रिश यांनी एका प्रयोगात पोळे उंच मनोऱ्याच्या तळाशी ठेवले आणि साखरेचे पाणी मनोऱ्याच्या टोकावर. परतलेल्या माश्या नाचल्या, पण बाकीच्या माश्या सपाटीवरच इकडेतिकडे शोधत राहिल्या. 'वर' या कल्पनेसाठी त्यांच्या नृत्यात सोय नव्हती, आणि गरज पडली म्हणून ती निर्माणही करता आली नाही. गरज पडेल तेव्हा सोय निर्माण करणे हे तर भाषेचे रोजचे काम. सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांना पक्ष्यांच्या वसाहतींसाठी मराठीत शब्द हवे होते. 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द त्यांनी वापरात आणले आणि वाचकाला ते प्रथम भेटीतच कळले.

स्थलकालातीततेची मानवी परिसीमा पाहायची असेल तर होटगीपासून फार लांब जावे लागत नाही. याच तालुक्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग-कुडल येथील मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. त्यातील मराठी ओळ, जो हे वाचील तो विजयी होवो, अशा आशयाची आहे. कोरणाऱ्याने ती अशा माणसाला उद्देशून कोरली, जो तेव्हा समोर नव्हता आणि बहुधा जन्मलेलाही नव्हता. हजार वर्षांनी आपण ती वाचतो आणि ती आपल्यालाच उद्देशून आहे हे आपल्याला कळते.

आफ्रिकेतील व्हर्वेट माकडांच्या धोक्याच्या हाकांचा अभ्यास १९८० मध्ये सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी प्रसिद्ध केला. बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी तीन वेगळ्या हाका. ध्वनिमुद्रित हाक ऐकवली तरी माकडे अनुक्रमे झाडावर चढतात, वर पाहतात किंवा उभे राहून गवतात पाहतात. पिल्ले गळत्या पानालाही गरुडाची हाक देतात आणि हळूहळू सुधारतात. वानरांना खुणांची भाषा शिकवण्याचे प्रयोगही झाले. १९६६ पासून गार्डनर दांपत्याने वॉशो या चिंपांझीला अमेरिकन खुणाभाषा शिकवली आणि तिने शंभरावर खुणा आत्मसात केल्या. हर्बर्ट टेरेस यांनी मात्र आपल्या निम या चिंपांझीच्या ध्वनिचित्रफिती बारकाईने तपासून १९७९ मध्ये निराळाच निष्कर्ष काढला. निमच्या बहुतेक खुणा शिक्षकाच्या खुणांचा प्रतिध्वनी होत्या, आणि वाक्य लांबले तरी त्यात भर पडत नव्हती. त्याची सर्वांत लांब रचना सोळा खुणांची. ती देणे, खाणे, मी, तू आणि संत्रे यांच्याभोवतीच फिरत राहते. मुलाच्या बोलण्यात दोन शब्दांचे तीन होतात तेव्हा अर्थाची एक नवी बाजू उघडते. तसे निमच्या बाबतीत झाले नाही.

ही सीमारेषा आता पाठ्यपुस्तकात दाखवतात तितकी ठळक राहिलेली नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. तोशिताका सुझुकी यांनी २०१६ मध्ये जपानी वल्गुलीच्या हाकांवरून दाखवले की दोन हाका ठरावीक क्रमाने आल्या तरच त्यांचा जोड-अर्थ लागतो. क्रम उलटा केल्यास पक्षी तसा प्रतिसाद देत नाहीत. २०२५ मध्ये बोनोबोंच्या हाकांतही अर्थ-संयोगाचा पुरावा प्रसिद्ध झाला. तेव्हा 'प्राण्यांत रचना नसतेच' हे वाक्य आता फळ्यावर लिहू नये. राहते ते एवढे की, निरर्थक ध्वनींच्या मूठभर साठ्यातून हजारो सार्थ शब्द आणि त्या शब्दांतून अमर्याद वाक्ये, अशी द्विस्तरीय रचना माणसाखेरीज कोठेही याच विस्ताराने आढळलेली नाही. 'क', 'ळ' आणि 'आ' यांना स्वतःचा अर्थ नाही. 'कळ', 'काळ', 'काळा', 'कळा' यांना आहे. ध्वनीला अर्थ नाही म्हणूनच तो कोणत्याही अर्थाच्या कामी येऊ शकतो.

येथे आपण त्या गाठीपाशी येऊन पोचलो. शब्द आणि अर्थ यांत नैसर्गिक संबंध नाही. तो संकेताने ठरलेला असतो, यालाच यादृच्छिकता म्हणतात. आपण हे नाव सोस्यूरपासून घेतले असले तरी प्रश्न आपल्याकडे जुना आहे. यास्काने निरुक्तात 'काक' हे नाव ध्वनीच्या अनुकरणावरून आले आहे, आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते, असे म्हटले आहे. तेथेच औपमन्यवाचे विरोधी मतही नोंदवले आहे की नावांत ध्वन्यनुकरण नसतेच. या वादाचा भाषांच्या नात्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. कावळ्याला कन्नडमध्ये 'कागे', तेलुगूत 'काकि', तमिळमध्ये 'काक्कै' आणि संस्कृतात 'काक' म्हणतात. म्हणून या भाषा एका मुळाच्या ठरतात काय? नाही, कारण कावळा सगळीकडे तसाच ओरडतो. साम्याचे कारण बाहेर, झाडावर बसलेले आहे. 'अम्मा', 'मामा', 'आई' अशा बाळाच्या ओठांवर सहज येणाऱ्या शब्दांचेही तेच.

परंतु दुधाला 'पालु' का म्हणावे याला निसर्गात कोणतेच कारण नाही. म्हणून तेलुगूतही 'पालु' आणि तमिळमध्येही 'पाल्' असेल तर त्या साम्याला इतिहासातच कारण शोधावे लागते : एक तर योगायोग, नाही तर उसनवारी, नाही तर समान वारसा. यादृच्छिकता नसती तर तौलनिक भाषाविज्ञान संभवलेच नसते. पावशाची हाक सगळ्या पावशांत सारखी असते. तीवरून आपण पक्ष्याची जात ओळखतो, पण त्या हाकांचे कुल मांडता येत नाही.

या तीन कारणांतून वारसा वेगळा काढायचा तो कसा? शब्दांच्या दिसण्यावरून नव्हे. फारसीतील 'बद' आणि इंग्रजीतील 'बॅड' यांचा उच्चार जवळचा आणि अर्थ एकच. तरीही दोहोंचा काही संबंध नाही. उलट आर्मेनियन भाषेत दोनला 'एर्कु' म्हणतात. होटगीच्या विद्यार्थ्याला हा शब्द आपल्या कन्नड 'एरडु'चा भाऊ वाटेल. प्रत्यक्षात तो मराठी 'दोन'चा, संस्कृत 'द्वि'चा आणि लॅटिन 'दुओ'चा आप्त आहे, कारण मूळ 'द्व'चे आर्मेनियनमध्ये 'एर्क' होणे हे इतर शब्दांतही नियमाने घडलेले दिसते. नाते साम्यावरून ठरत नाही. ते नियमित ध्वनिसंवादावरून ठरते. हे एक वाक्य विद्यार्थ्याला पुरते समजले की निम्मा अभ्यासक्रम झाला.

नियमित संवाद म्हणजे काय ते आपल्याच भाषेत पाहू. हिंदी 'खेत', मराठी 'शेत'. हिंदी 'मक्खी', मराठी 'माशी'. हिंदी 'ईख', मराठी 'ऊस'. हिंदी 'कोख', मराठी 'कूस'. संस्कृत रूपे क्षेत्र, मक्षिका, इक्षु, कुक्षि. म्हणजे जेथे संस्कृतात 'क्ष' तेथे हिंदीत 'ख' आणि मराठीत 'श' किंवा 'स'. मधली पायरी प्राकृतातील 'च्छ'ची आहे, आणि मराठीत हा 'छ' इतरत्रही 'स' झाला आहे. हिंदी 'मछली'ला मराठी 'मासा' आणि 'पूछना'ला 'पुसणे' ही त्याची साक्ष. अपवाद आहेत. 'खीर' मराठीतही 'खीर'च. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात अशा दुहेरी रूपांची चर्चा केली आहे. वा. गो. परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला, पण आमच्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत तो क्वचितच हाताळलेला दिसतो. अपवादाला कारण द्यावे लागते, हेच नियम असल्याचे लक्षण होय.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या बाजारात ऐकू येते. कन्नड शेतकरी दुधाला 'हालु' म्हणतो, तेलुगू विणकर 'पालु'. फुलाला 'हूवु' आणि 'पुव्वु', सापाला 'हावु' आणि 'पामु', वाघाला 'हुलि' आणि 'पुलि', दहाला 'हत्तु' आणि 'पदि'. जुन्या कन्नडात या शब्दांच्या आरंभी 'प'च होता. मध्ययुगात त्याचा 'ह' झाला. एकदा हा संवाद सांगितल्यावर वर्गातील कन्नडभाषक आणि तेलुगूभाषक विद्यार्थी एकमेकांकडे पाहून आपणहून जोड्या सांगू लागले. त्या दिवशी पुढचा तास मला घ्यावा लागला नाही. एलिस यांनी १८१६ मध्ये आणि कॉल्डवेल यांनी १८५६ च्या आपल्या तौलनिक व्याकरणात दक्षिणेकडील भाषांचे स्वतंत्र कुल दाखवून दिले, ते याच मार्गाने.

नाते आणि शेजार या दोन गोष्टी निराळ्या, हे लमाणी भाषा फार चांगले शिकवते. तांड्याच्या भोवती कन्नड आणि मराठी, तांड्यात मात्र राजस्थानी बोलींशी नाते सांगणारी भाषा. होटगीच्या कन्नडचे आप्त दक्षिणेत तमिळनाडूपर्यंत, लमाणीचे आप्त उत्तरेत राजस्थानात, आणि दोघींची चूल शेजारी शेजारी. पण शेजारही काही कमी करीत नाही. 'तूप' आणि 'अडकित्ता' हे शब्द कन्नडमधून मराठीत आले, 'अण्णा' आणि 'अक्का' हेही. शब्दांची देवघेव वरवरची असते. रचनेची देवघेव खोल असते, आणि ती सहसा नजरेस पडत नाही.

एकच रचना पाहा. मराठीत आपण म्हणतो, ''येतो म्हणून म्हणाला.'' कन्नडमध्ये ''बरुत्तेने अंत हेळिदनु''. तेलुगूत ''वस्तानु अनि चेप्पाडु''. दखनीत ''आतूं बोलके बोल्या''. चारही भाषांत दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे, प्रथमपुरुषात ठेवून, पुढे 'म्हणणे' या अर्थाच्या धातूचे अव्ययासारखे रूप आले आहे. उत्तरेची हिंदी हेच 'कि' घालून आणि क्रम उलटून सांगते. दखनी कुळाने हिंदी-उर्दूची सख्खी. येथे मात्र ती त्यांना सोडून कन्नड-तेलुगूच्या पंगतीला बसली आहे. 'म्हणून'चे नाव सांगण्यासाठी होणारे उपयोजन ('विठ्ठल म्हणून एक पोरगा') कन्नड 'अंत' आणि तेलुगू 'अनि' यांनाही साधते. संस्कृतातील 'इति'चे कार्य असेच आहे आणि त्यामागेही द्राविड प्रभाव असावा काय, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद हिंदीच्या 'हम'मध्ये नाही. तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु' असा तो आहे. गमतीची गोष्ट अशी की आजच्या प्रमाण कन्नडमध्ये 'नावु' दोहोंना चालते. म्हणजे या एका बाबतीत मराठी शेजारच्या कन्नडपेक्षा तेलुगूशी अधिक जुळते. 'चमचा'तला आणि 'जग'मधला दंततालव्य उच्चारही तेलुगूच्या घरी आहे. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक 'भाषाक्षेत्र' असल्याचा सिद्धांत मांडला, तो अशा निरीक्षणांवर.

या प्रकारचा महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला अभ्यास होटगीचा नव्हे, सांगली जिल्ह्यातील कुपवाडचा आहे. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये तो प्रसिद्ध केला. कुपवाडात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा शतकानुशतके एकत्र नांदत आल्या आणि त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेचे वाक्य दुसरीत प्रत्ययास प्रत्यय ठेवून करता यावे. प्रमाण कन्नडमध्ये 'हे तुमचे घर' एवढे म्हटले की वाक्य पुरे होते, 'आहे' लागत नाही. कुपवाडच्या कन्नडमध्ये मराठीप्रमाणे शेवटी 'आहे'च्या अर्थाचे क्रियापद येते. शब्द मात्र प्रत्येकीने आपापले राखले, कारण शब्दांवरून माणूस कोणाचा ते ओळखले जाते. सुमारे चार दशकांनंतर सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडची पुन्हा पाहणी करून मूळ प्रतिमानाची चिकित्सा केली. होटगीची अशी पाहणी कोणी केलेली मला आढळली नाही. आपल्या विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय मिळत नाहीत असे आपण म्हणतो, हे मला नेहमी नवल वाटते.

नात्याची आणि शेजाराची ही गल्लत केवळ परीक्षेत गुण घालवीत नाही. मराठीचे मूळ तमिळमध्ये शोधण्याचा व्यासंगी प्रयत्न विश्वनाथ खैरे यांनी 'द्राविड महाराष्ट्र' (१९७७) आणि नंतरच्या लेखनातून केला. मराठी संस्कृतीतील द्राविड थराकडे त्यांनी लक्ष वेधले याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु शब्दाशेजारी शब्द मांडून मिळणारे साम्य हा नियमित संवाद नव्हे. मराठीचे सर्वनाम, संख्यावाचक आणि क्रियापदाचे प्रत्यय प्राकृतातून आलेले आहेत, असे नियम दाखवतात. द्राविड थर खरा आहे, तो मुलाच्या नात्याचा नाही, एवढेच. उलट बाजूचे विधानही तितकेच सैल असते : मराठी संस्कृतोद्भव म्हणून तिचा कन्नडशी काही संबंध नाही, आणि बोलीतले कन्नड म्हणजे भेसळ. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि जत येथील गावे कर्नाटकात घालावीत अशी शिफारस होती. त्यामुळे या भागात भाषेच्या वंशावळीला राजकीय धार आली. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून प्राचीनत्वाची भाषणेही पुष्कळ झाली. हत्तरसंगच्या दगडाला त्याचे काही वाटत असेल असे नाही. त्याच परिसरात कल्याणीच्या चालुक्यांचे कन्नड लेखही आहेत.

शेवटी एक कबुली. अनेक वर्षांपूर्वी होटगीच्या एका विद्यार्थ्याने निबंधात 'भाकरी चांगलं झालं' आणि 'ते खुर्ची मोडलं' असे लिहिले होते. घरी कन्नड. मी दोन्ही वाक्यांना तांबडी वर्तुळे केली आणि समासात एक बोचरा शेरा लिहिला. एवढ्यावर न थांबता वर्गात वाक्य वाचूनही दाखवले. वर्ग हसला. त्या सत्रात तो मुलगा चर्चेत पुन्हा बोलला नाही. पुढे काही वर्षांनी जुने गठ्ठे काढताना तो निबंध हाती आला. सगळी 'चुकीची' वाक्ये एका कागदावर उतरवून काढली, तेव्हा ध्यानात आले की त्याने लिंग एकदाही चुकवलेले नव्हते. पुरुषांना पुल्लिंग, स्त्रियांना स्त्रीलिंग आणि बाकी सगळ्याला, भाकरीला, खुर्चीला, बैलालासुद्धा, नपुंसकलिंग. कन्नडचे व्याकरण हेच सांगते, आणि त्याने ते मराठी प्रत्ययांनी काटेकोरपणे पाळले होते. 'ख'च्या जागी 'श' पाहून ज्याला मी नियम म्हणतो, तोच नियम माझ्यासमोर कागदावर होता आणि मी त्याला अज्ञान म्हटले होते. प्रमाण मराठीत भाकरी स्त्रीलिंगी हे त्याला शिकवायला हवेच होते. ते कोणत्या नियमाच्या जागी कोणता नियम ठेवायचा आहे, असे सांगून शिकवता आले असते. आता दर वर्षी भाषाकुलांच्या प्रकरणाआधी मी ती वाक्ये फळ्यावर लिहितो, लिहिणाऱ्याचे नाव न सांगता, आणि यातला नियम शोधा असे म्हणतो. कन्नड घरची मुले तो दोन मिनिटांत शोधतात. बाकीच्यांना त्यांना विचारावे लागते.